तुम्ही विचारलेत म्हणून : मी सामना कसा बघतो
‘काल सामना बघितला’ असे मी सहज बोलून जातो आणि समोरचा माणूस अडखळतो, मग, विचारू की नको अशा आवाजात, प्रश्न येतोच : “तुम्हाला तर दिसत नाही, मग बघता म्हणजे नक्की काय करता?” जन्मापासून अंध असलो तरी आमच्या घरात सामना बघायचाच असतो, आणि हे क्रियापद बदलण्याचे मला कधी कारण पडले नाही.

माझे क्रिकेट आकाशवाणीवर, बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत सुरू झाले. रेडिओवर बोलणारा हे धरूनच चालतो की ऐकणाऱ्यापुढे मैदान नाही, त्यामुळे चेंडू कुठे गेला आणि त्याच्यामागे कोण धावले हे ओघातच कळते. दूरचित्रवाणीवरचा समालोचक मात्र ‘काय फटका आहे!’ एवढे म्हणून गप्प बसतो, माझा चेंडू अधांतरी राहतो आणि शेजारच्याला कोपराने ढोसावे लागते. तरीही बॅटच्या मधोमध बसलेल्या चेंडूचा भरीव ‘टॉक्’ आणि कडेला चाटून गेलेल्याचा बारीक ‘टिक्’ यांत माझी सहसा गफलत होत नाही. तिथे डोळस पंचांनाही यष्ट्यांजवळच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज तपासावा लागतो, याचे मला (कबूल करतो) थोडे सुख वाटते. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर सचिन 18 धावांवर बाद झाला, तेव्हा समालोचकाचे वाक्य पुरे होण्याआधीच गर्दीचा आवाज बसला होता.

मी स्वतः खेळलो ते अंधांचे क्रिकेट. त्यातला चेंडू कडक प्लॅस्टिकचा असून आत छर्रे खुळखुळतात, गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाने ‘येस’ म्हटले की ‘प्ले’ म्हणून हाताखालून चेंडू सोडतो, आणि पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजल्या जातात. या खेळात क्षेत्ररक्षकाची खरी पंचाईत चेंडू वेगात असताना होत नाही, तो गवतात थांबल्यावर होते, कारण खुळखुळ बंद पडताच तो नाहीसा होतो आणि आम्ही दोघे-तिघे गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत राहतो, तोवर फलंदाज धावा चोरत असतात.

फुटबॉलमध्ये माझ्या वाट्याला नुसता कल्लोळ येतो. कानासाठी सर्वांत सोयीचा खेळ म्हणजे कबड्डी, कारण चढाई करणाऱ्याला बोलत राहावेच लागते आणि त्याचा दम सुटला की नाही हे पंचही ऐकूनच ठरवतो. पकड बसली की त्या ‘कबड्डी, कबड्डी’तली अक्षरे घशात अडकू लागतात, पाठोपाठ मातीवर अंगे आदळतात, आणि एवढ्या झटापटीतही तो शब्द मध्यरेषेकडे सरकतो आहे का, इकडे माझे सगळे लक्ष असते. म्हणून मी मध्यरेषेच्या टोकाशी खुर्ची मागून घेतो; तिथे उजव्या कानात दम घुमू लागला की डावीकडचा गडी चढाईला गेला, हे मला कोणी सांगावे लागत नाही.