आमची वाटचाल : ३अ, ३आ आणि ३इ

आमच्या फर्मची जाहिरात कधी पेपरात आली नाही. तरी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलवाल्याला विचारा, ‘ते कागदवाले’ म्हटलं की तो बरोबर आमचाच पत्ता सांगेल. हे नाव कौतुकानं पडलेलं नाही. कोडची एक ओळ लिहायच्या आधी आम्ही यूज केसची, म्हणजे माणूस आणि सिस्टीम मिळून एकेक काम कसं उरकतात त्या पायऱ्यांच्या लिखाणाची, जाडजूड फाइल मालकापुढे ठेवतो आणि पानापानावर सही मागतो, त्याची ही टिंगल आहे. चालते मला.

सुरुवात मुरारजी पेठेतल्या एका खोलीत झाली. मी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत बिलिंगचे प्रोग्राम करून देत होतो. भागीदार होते काका, माझे सख्खे कोणी नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. मिलच्या टाइम ऑफिसात त्यांची हयात गेलेली. मिल बंद पडली, देणी अडकली, आणि हा माणूस वयाच्या पन्नाशीत माझ्यासारख्या पोराबरोबर धंद्यात उतरला. कॉम्प्युटरला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. त्यांचं काम एकच. गिऱ्हाइकाकडे जायचं, मुकादमाशेजारी बसायचं, त्याचा चहा प्यायचा आणि तो काय करतो ते क्रमानं उतरवायचं. दर ओळीनंतर एकच प्रश्न : ‘आणि तसं झालं नाही तर?’

यूज केसची पद्धत एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजच्या कामावर असलेल्या इव्हार जेकबसन या स्वीडिश इंजिनिअरनं घडवली आणि १९८७ च्या सुमारास जगापुढे मांडली. १९९२ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं, १९९७ मध्ये यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची प्रमाण भाषा ठरली त्यात ती गेली, आणि तिथून ती कॉलेजांच्या अभ्यासक्रमात आली. काकांना यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. मला ही पद्धत नीट वाचायला मिळाली तेव्हा लक्षात आलं की आम्ही मुकादमाशेजारी बसून तेच करत होतो, फक्त त्याला नाव नव्हतं.

आमचं हत्यार म्हणजे लीगल साइजचा कागद. डाव्या रकान्यात माणूस काय करतो, उजव्या रकान्यात सिस्टीम काय करते. वर नाव, मुख्य कर्ता, सुरुवात कशामुळे होते, आधी काय झालेलं असायला हवं, शेवटी काय झालेलं असेल. मग मुख्य क्रम, तीन ते नऊ पायऱ्यांत. त्याहून लांबला तर समजायचं दोन यूज केस एकमेकांत गुंतलेत. खाली फाटे, म्हणजे एखादी पायरी तशी झाली नाही तर काय करायचं ते. सगळं मराठीतून, कारण सही मुनीमजींनी करायची असते, पुण्याच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टनं नाही. टायपिंग श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरात आणि छपाई डॉट मॅट्रिक्सवर. त्याच्या कर्कश आवाजाला शेजारच्या शिंप्यानं तक्रार केली होती. पुढं युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, आलं आणि जुन्या फाइली बदलून घेताना काना-मात्रांचा जो गोंधळ झाला तो आजही कुठंकुठं निघतो. या गोंधळाचं पुढं एक प्रकरण झालं, सांगतोच.

पातळीचंही सांगून टाकतो. अ‍ॅलिस्टर कोबर्न या सॉफ्टवेअरतज्ज्ञांनी यूज केसच्या पातळ्या केल्या : वर ढग आणि पतंग, मधे समुद्रसपाटी, खाली मासा आणि शिंपला. माणूस एका बैठकीत जे काम उरकून समाधानानं उठतो, ती समुद्रसपाटी. सोलापूरच्या पोरांना समुद्र कुठला माहीत? आमच्या ऑफिसात ती पातळी हिप्परग्याच्या तलावाची. ‘हे तलावाखाली गेलं’ म्हटलं की लिहिणाऱ्याला कळतं, आपण लॉगिन नि पासवर्ड लिहीत बसलोय.

आता अण्णांची गोष्ट. अण्णा म्हणजे पूर्व भागातले टॉवेलवाले, घरात तेलुगू, धंद्यात मराठी, मुनीमजींशी कन्नड. जॉबवर्कचं काम त्यांच्याकडे मोठं : सूत चलनावर (माल दिल्याच्या चिठ्ठीवर) विणकराला द्यायचं, टॉवेल वजन करून परत घ्यायचे, वजनातली घट धरून मजुरी काढायची. आम्ही यूज केस लिहिला, ‘विणकराच्या सुताचा हिशोब मिटवणे’. पायरी १, विणकर चलन क्रमांक सांगतो. २, सिस्टीम त्यावर दिलेलं सूत दाखवते. ३, कारकून आलेल्या मालाचं वजन नोंदवतो. ४, सिस्टीम घट काढून मान्य टक्क्यांशी ताडून पाहते. ५, मजुरीची पावती निघते.

अण्णांनी पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या पायरीवर फुली मारली. ‘वजन होत नाही हो दरवेळी. लाइट गेली की काटा बंद. मग मुकादम अंदाजानं लिहितो.’ हा झाला तिसऱ्या पायरीचा पहिला फाटा, ३अ : काटा बंद असेल तर माल कच्च्या नोंदीवर घ्यायचा, मजुरी थांबवायची. ‘आणि घट जास्त निघाली की मजुरी कापत नाही मी, पुढच्या चलनावर ओढतो. कापली तर विणकर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे जाईल.’ ३आ. मग थोडं थांबून, ‘अन् भावाचा माल भाऊच आणतो. चलन एकाचं, माणूस दुसरा.’ ३इ. तीन फाट्यांनी अर्धं डिझाइन बदललं. चलन आणि विणकर यांची गाठ सोडवून, माल आणणारा आणि ज्याच्या नावावर सूत आहे तो, असे दोन रकाने करावे लागले. हे कोड लिहून झाल्यावर कळलं असतं तर काय पडलं असतं, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

त्यानंतर बरीच वर्षं बरी गेली.

मग जीएसटी आला, १ जुलै २०१७. त्याच्या आधीच्या वर्षभरात आमच्याकडे शहरातला एक मोठा टॉवेल कारखाना आला होता. संपूर्ण कामकाजाची फाइल करून मागितली. काकांची तब्येत ढासळलेली, तरी ते रोज जाऊन बसले. अण्णांचा जॉबवर्कचा यूज केस, अर्थात त्यांना विचारून, आम्ही पायाला घेतला आणि कायद्यातली एक नवी गोष्ट घातली : जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर दिल्या तारखेपासून तो विक्री धरला जातो, म्हणजे सिस्टीमनं वर्ष भरायच्या आधीच ओरडायला हवं. फाइल झाली, पानोपानी सह्या झाल्या. आणि मग मालकांचे चिरंजीव म्हणाले, ‘आम्ही पुण्याच्या पार्टीला काम देतोय. त्यांचं तयार पॅकेज आहे. कागदाचे पैसे कसले? डेमो तर दाखवला नाही तुम्ही.’

कागदाचे पैसे कसले! आठ महिने आमच्या चार पोरांचे पगार त्या कागदावर गेले होते. बिल अडकलं, बँकेचा हप्ता अडकला, दोन पोरं पुण्याला गेली, त्यातला एक त्याच पार्टीकडे लागला. मुरारजी पेठेतली जागा सोडून घराच्या माडीवर टेबलं आणली. काका त्याच वर्षी गेले.

पुढची गोष्ट अर्धं सोलापूर जाणतं, पण माझ्या तोंडून ऐका. त्या कारखान्यातले मुनीमजी एका लग्नात भेटले, मोबाइलवर नव्या सिस्टीमचा फोटो दाखवला. स्क्रीनवर लिहिलेलं : ‘मान्य घाट टक्के’. घाट! श्रीलिपीतून युनिकोडमध्ये येताना आमच्या फाइलीत ‘घट’ला काना चिकटला होता, आणि तो काना जसाच्या तसा पुण्याच्या पॅकेजात जाऊन बसला होता. आमचीच फाइल समोर ठेवून त्यांनी स्क्रीन काढल्या होत्या. पण मुख्य क्रम तेवढा उचलला, फाटे सोडले. फाट्यांत मेहनत असते आणि डेमोत ते दिसत नाहीत. महिनाभरात एका भावाच्या मालाची मजुरी दुसऱ्या भावाच्या नावावर पडायला लागली. गड्ड्याच्या जत्रेच्या आधी, हातात पैसा हवा असतो त्या दिवसांत, विणकर कारखान्याच्या दारात जमले. माझं म्हणाल तर मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

तेव्हा माडीवर अण्णा आले. जिना चढून, धापा टाकत. त्यांच्याकडे यार्न डाइंगचं, म्हणजे सूत रंगवण्याचं, नवं काम सुरू व्हायचं होतं. म्हणाले, ‘सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी लिहून द्या, आणि लिखाणाचं बिल वेगळं करा. निम्मे आत्ता घ्या.’ चेक खिशातच होता. तोवर सोलापुरात कोणी लिखाणाचं बिल वेगळं दिलं नव्हतं आणि मीही कधी मागितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या लेटरहेडवर दोन दर आहेत, लिखाणाचा आणि बांधणीचा, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करण्याचा. लिखाण घेऊन बांधणी दुसरीकडे द्यायची असेल तर खुशाल द्या, पण पूर्ण पैसे चुकते केल्यावरच फाइल हातात मिळेल.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्या पोरांसाठी चार गोष्टी. कॉलेजात तुम्ही अंडाकृती काढता, बाजूला काड्यांची माणसं उभी करता आणि यूज केस झाला म्हणता. ती फक्त अनुक्रमणिका आहे, मजकूर कुठंय? नावात क्रियापद हवं, ‘सूत मॅनेजमेंट’ हे नाव नव्हे. पायरीत बटणाचा रंग लिहू नका, स्क्रीन उद्या बदलेल. कराचे दर पायरीत लिहू नका, नियमांची यादी वेगळी ठेवा. टॉवेलला नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के अशी हद्द होती, सप्टेंबर २०२५ मध्ये ती २५०० वर गेली. ज्यांनी दर पायऱ्यांत कोंबले होते ते रात्र रात्र जागले, आमच्याकडे यादीतल्या दोन ओळी बदलल्या. आणि मालकाला विचारून भागत नाही. मालक जे व्हायला हवं ते सांगतो, मुकादम जे होतं ते सांगतो, दोन्ही लिहा आणि दोघांना एका टेबलावर बसवा. भांडण झालं तर होऊ द्या, ते कागदावर होतंय तोवर स्वस्तात पडतं.

तो मोठा कारखाना गेल्या वर्षी पुन्हा आला. पुण्याची पार्टी फोन उचलत नाही म्हणे, फाटे आमच्याकडून घालून हवेत. मी २०१७ चं बिल काढून पुढे ठेवलं. चिरंजीव म्हणाले, बघतो. अजून बघतायत.

सध्या आम्ही पुन्हा सात जण आहोत, जागा होटगी रोडला. डाइंगचे आणि गारमेंटचे दोन मोठे प्रकल्प हातात आहेत आणि माणूस हवाय. कारखान्यात बसून ऐकण्याची तयारी पाहिजे, मराठी शुद्ध नसलं तरी सरळ पाहिजे, तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर उत्तमच. कोडिंग आम्ही शिकवू.