मृत पक्ष्यांचा रकाना: तिसरा हिवाळा

पाणपक्ष्यांच्या गणनेच्या वहीत आजारी आणि मृत पक्ष्यांसाठी वेगळा रकाना आखला, त्याला हा तिसरा हिवाळा. आजवरच्या ३१ फेऱ्यांपैकी २८ वेळा तिथे शून्य आहे. ते शून्य मी न चुकता लिहिते. जागा कोरी सोडली, तर मेलेलं काही दिसलं नाही की शोधलंच नाही, हे पुढे कुणालाच कळणार नाही.

यंदाचा अभ्यास मानेचा. बर्ड फ्लूने मेंदू ग्रासलेला हंस मान पाठीकडे मुरडतो, डोकं थरथरतं, पाण्यात एकाच जागी गोल फिरत राहतो. बोट्युलिझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या आजारात, मान लुळी पडते आणि पक्षी चक्क बुडून मरतो. २०१९ साली राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी बोट्युलिझमने गेले, त्यांत थापट्या बदकं फार होती. लांबून दोन्ही आजार सारखेच वाटतात, म्हणून एकेका पक्ष्यावर दहा-दहा मिनिटं स्कोप रोखून बसते. तरीही वहीत ‘बर्ड फ्लू’ असं लिहीत नाही. ‘मान मागे, गोल पोहणं’ एवढंच. निदान प्रयोगशाळेचं काम.

पट्टकादंबांकडे, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांकडे, मात्र जास्त लक्ष असतं. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने ६,००० हून अधिक पक्षी मेले, त्यात हेच सर्वांत जास्त. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलमधल्या पोंग धरणावर सुमारे ५,००० मेले, तेव्हाही बहुतेक हेच. हिमालय ओलांडणारे पक्षी असे काठावर पडलेले फोटोत पाहिले तरी घशात आवंढा येतो. आणि ‘रोग यांनीच आणला’ असं कुणी म्हटलं की राग येतो. या विषाणूचा मूळ वाण १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसात सापडला होता.

गेल्या फेरीत रकान्यात तिसऱ्यांदा आकडा पडला: एक चक्रवाक, मृत. जवळ गेले नाही. लांबून फोटो काढला, जागा टिपली, वनखात्याला कळवलं, बूट निर्जंतुक केले. तेवढ्यात दोन कावळे त्याच्यावर उतरले होते. मेलेला पक्षी खाऊन कावळ्यांनाही लागण होते. म्हणून आता त्यांची रातनिवाऱ्याची झाडं शोधली आहेत. पुढच्या फेरीत पाण्याआधी त्या झाडांखालची जमीन बघणार आहे.