दोर्दोन्यच्या खोऱ्यात मोटरहोमचा मुक्काम : जागा कशी निवडावी

फ्रान्समध्ये मोटरहोम, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन निघालात की "रात्री कुठेही गाडी लावा आणि झोपा" असं सांगणारे भरपूर भेटतात. हे अर्धंच खरं आहे. तिथल्या वाहतूक नियमांत मोटरहोम ही इतर गाड्यांसारखीच एक गाडी. जिथे पार्किंगला मुभा आहे तिथे ती उभी राहू शकते आणि आत कोणी झोपलंय का, हे कोणी विचारत नाही. मात्र बाहेर खुर्च्या-टेबल मांडलं, बाजूचं छत उघडलं, गाडीखाली टेकू लावले, की त्याचं कॅम्पिंग होतं. मग नियम बदलतात. समुद्रकिनारा, संरक्षित निसर्गस्थळं, ऐतिहासिक वास्तूंचा परिसर, पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाभोवतीचे २०० मीटर, इथे उघड्यावर कॅम्पिंगला मनाई आहे. त्यावर प्रत्येक गावच्या मेयरचा स्वतःचा आदेश असू शकतो. देशात अशी सुमारे ३५ हजार लहानमोठी गावं-शहरं आणि तेवढेच मेयर, त्यामुळे कालच्या गावात चाललं ते आज चालेलच असं नाही. गावात शिरताना दिसणारी पाटी हाच शेवटचा शब्द. पार्किंगच्या तोंडावर दोन मीटर उंचीचा आडवा दांडा असेल तर पाटी वाचायचीही गरज नाही.

नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीच्या खोऱ्याची वाट आम्ही उत्तरेकडून धरतो. ए-२० हा महामार्ग व्हिएरझोंपासून ब्रीवपर्यंत बिनटोल आहे. मोटरहोमला हे महत्त्वाचं, कारण तीन मीटरपेक्षा उंच किंवा साडेतीन टनांपेक्षा जड गाडी टोलच्या वरच्या वर्गात जाते. पण महामार्गावरच्या विश्रांतीथांब्यांवर रात्र काढू नका. ट्रकची इंजिनं रात्रभर सुरू असतात, आणि चोऱ्या होतात त्या बहुतेक अशाच जागी. 'व्हिलाज एताप' अशी पाटी दिसली की खाली उतरायचं. पाच हजारांपेक्षा कमी वस्तीची, हमरस्त्याला लागून असलेली, दुकानं आणि पार्किंग यांची हमी देणारी ही गावं. उझेर्श त्यांतलंच. व्हेझेर नदीने तीन बाजूंनी वेढलेलं जुनं दगडी गाव वर, आणि मोटरहोमची जागा खाली नदीकाठच्या जुन्या छोट्या रेल्वे स्टेशनाच्या आवारात. फ्रान्समध्ये अशी बंद पडलेली स्टेशनं पुष्कळ आहेत. सपाट, मोकळी, गावापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. नकाशात जुनी स्टेशनं आणि रुळांच्या जागी झालेले सायकलमार्ग आम्ही आधी शोधतो.

गावांनी मोटरहोमसाठी राखलेल्या जागेला 'एर' म्हणतात. काही फुकट, काही दहा-बारा युरोपर्यंत. आता मुद्द्याचं. पाणी भरणं, सांडपाणी सोडणं, संडासाची टाकी रिकामी करणं ही सोय जिथे आहे तिथेच झोपायचं, हा हट्ट सोडला की फ्रान्समधल्या निम्म्या सुंदर जागा मोकळ्या होतात. सोयीचं यंत्र बहुधा गावाबाहेर, डांबरी चौकात, सुपरमार्केट किंवा पेट्रोल पंपाशेजारी असतं. सकाळी दहाला तिथे जायचं, अर्ध्या तासात काम उरकायचं. संध्याकाळचा मुक्काम नदीकाठी, द्राक्षमळ्यात किंवा चर्चमागच्या मैदानात. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर आपल्या टाक्या किती दिवस पुरतात याचा हिशेब पक्का हवा.

भाड्याच्या मोटरहोममध्ये साधारण १०० ते १२० लिटर स्वच्छ पाणी मावतं. आंघोळ बेताची असेल तर दोघांना तीन दिवस जातात. सांडपाण्याची टाकी थोडी लहान असते. संडासाची कॅसेट, म्हणजे बाहेर काढता येणारी टाकी, १७ ते २० लिटरची. युरोपीय हिशेबात ती दोघांना तीन दिवस पुरते, पण तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा. आपण पाण्याचा मग्गा वापरतो, दर खेपेला अर्धा लिटर पाणी जास्त जातं, आणि कॅसेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच लाल दिवा दाखवते. चौघं असाल तर रोज सकाळी कॅसेटचा कार्यक्रम ठरलेला. दिवसा कॅफे, संग्रहालय, सुपरमार्केट इथली स्वच्छतागृहं वापरली तर एक दिवस वाढतो. फोडणीच्या कढईतलं तेल आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं, मगच कढई धुवायची. नाहीतर सांडपाण्याच्या टाकीत थर बसतो आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी गाडीत जो वास येतो तो कुठल्याही उदबत्तीने जात नाही.

यंत्रापाशी चुका ठरलेल्या. जुन्या यंत्रांना टोकन लागतं, ते मिळतं बेकरीत, तंबाखूच्या दुकानात, पर्यटन कार्यालयात किंवा मेयरच्या कचेरीत. ही सगळी ठिकाणं दुपारी बारा ते दोन बंद, बेकरी बहुधा सोमवारी बंद. म्हणून टोकन आदल्या दिवशीच घेऊन ठेवावं. एका टोकनात साधारण १०० लिटर किंवा दहा मिनिटं पाणी येतं. टोकन टाकून बटण दाबलं की पाणी तत्काळ सुटतं, तुमची नळी जोडलेली असो वा नसो. म्हणून क्रम असा: आधी गाडी जागेवर, नळी यंत्राला, दुसरं टोक टाकीत, मग टोकन. नळाचे आटे कुठे पाऊण इंची, कुठे अर्धा इंची, म्हणून दोन्ही जोड जवळ हवेत. यंत्राला दोन नळ असतात. एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा कॅसेट धुवायचा. दुसऱ्यावर 'ओ नों पोताब्ल' म्हणजे पिण्यास अयोग्य असं लिहिलेलं असतं. पहिल्या नळाशीही काही महाभाग कॅसेट धुतात, तेव्हा नळाचं तोंड पुसून, अर्धा मिनिट पाणी वाहू देऊन मगच नळी लावायची. नळी स्वतःचीच, दहा-पंधरा मीटर, पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी. नोव्हेंबर ते मार्च पाइप गोठू नयेत म्हणून बऱ्याच गावांत पाणी बंदच ठेवतात.

ब्रीवच्या आग्नेयेला कोलोंज-ला-रूज आहे. तांबड्या वालुकाश्माचं, संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखं दिसणारं. तिथले मेयर शार्ल सेराक यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' ही संघटना सुरू झाली. त्या यादीतल्या गावात दिवसा पार्किंगलाच रांग असते, पण साडेसहाला बसगाड्या गेल्या की गल्ल्या रिकाम्या. अशा गावात आम्ही दुपारी जातच नाही. चार-पाचला पोचायचं, जागा धरायची, फिरायचं सहानंतर. जूनअखेरीस साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. बऱ्याच छोट्या गावांत रात्री अकरानंतर रस्त्यावरचे दिवे मालवतात, तेव्हा टॉर्च खिशात असू द्या.

रोकामादूर या कड्यावरच्या तीर्थगावाच्या भोवतालचं पठार चुनखडीचं आहे, आणि मुक्कामाच्या दृष्टीने ते फार उपयोगी. पाऊस पडला तरी पाणी लगेच जिरतं, गवत असूनही जमीन टणक राहते. खाली नदीच्या गाळाच्या जमिनीत उलटं. पावसानंतरच्या गवतावर गाडी रुतते, कारण भाड्याची बहुतेक मोटरहोम पुढच्या चाकांवर चालतात आणि वजन मागे असतं. गवतावरच उभं राहायचं असेल तर गाडी उलटी आत घ्या, म्हणजे पुढची चाकं खडीवर किंवा डांबराजवळ राहतील. उतारावर तोंड खाली करून शिरायचं नाही. सकाळी चढ चढताना चाकं नुसती फिरतात, आणि मग शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहावी लागते.

शेतकऱ्यांवरून फ्रान्स पासिओं. १९९३ पासून चालत आलेली ही व्यवस्था ज्याला ठाऊक नाही त्याचं मोटरहोम अर्धं वाया. वर्षाची वर्गणी भरली की दोन हजारांहून जास्त शेतकरी, द्राक्षमळेवाले आणि चीज करणारे यांची यादी मिळते. त्यांच्या आवारात चोवीस तास फुकट राहता येतं. विकत घेण्याची सक्ती नाही. रीत मात्र आहे. उजेडात पोचायचं, उतरल्याबरोबर घरात जाऊन भेटायचं. पहिला शब्द 'बाँजूर मादाम' किंवा 'बाँजूर मस्यू'. तो न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा उतरतो, मग कितीही चांगलं फ्रेंच बोला. पाणी-वीज गृहीत धरायची नाही, सांडपाण्याचा एक थेंबही खाली सोडायचा नाही, निघताना सांगून जायचं. रोकामादूरच्या पठारावर शेळ्यांचे गोठे आहेत. संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला पोचलात तर बहुधा गोठ्याशी उभं राहून बघता येतं. शेळ्या ओळीने येऊन आपापल्या खाचेत मान घालतात, समोर दाणा पडतो आणि खालून यंत्राच्या नळ्या लागतात. इथलं चीज म्हणजे जेमतेम ३५ ग्रॅमच्या चकत्या. वर मऊ साय, आत ओलसर, जिभेवर विरघळणारं. काटेकोर शाकाहारी असाल तर विचारून घ्या, या चीजला प्राणिज रेनेट, म्हणजे प्राण्याच्या जठरातलं दूध गोठवणारं द्रव्य, लागतं. या भागातले बरेच यजमान बदकं पाळतात आणि फ्वा ग्रा, म्हणजे बळजबरीने चारून फुगवलेलं बदकाचं यकृत, करतात. नको असेल तर यादीत आधीच बघून अक्रोडवाला किंवा द्राक्षमळा निवडावा.

नदीकाठ दिसायला सर्वांत देखणा, सांभाळायला सर्वांत अवघड. ला रोक-गाझाकला एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दोर्दोन्य, मधे एक रस्ता आणि घरांची रांग. मोटरहोमची सशुल्क जागा नदीलगत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ती दुपारीच भरते. मे किंवा सप्टेंबर हेच खरे महिने. पण या नद्या फुगतात. पुराच्या पट्ट्यात असल्याची पाटी असेल आणि मेतेओ-फ्रान्सच्या, म्हणजे तिथल्या हवामान खात्याच्या, इशाऱ्यांच्या नकाशावर तो जिल्हा नारिंगी झाला असेल, तर वरच्या गावात जायचं. 'बघू रात्री' करायचं नाही.

समोरच्या डोंगरावरचं दोम हे १२८१ मध्ये वसवलेलं तटबंदीचं गाव. त्याच्या वेशी मोटरहोमसाठी नाहीतच. पाटी सांगते तसं बाहेरच्या ल प्रादाल पार्किंगमध्ये गाडी लावून चालत जायचं. नेव्हिगेशनवर भरवसा ठेवणारे इथेच अडकतात. साधा फोन गाडीची रुंदी ओळखत नाही. आरसे धरून तुमची गाडी अडीच मीटरच्या पुढे जाते आणि जुन्या गल्ल्या सव्वादोन मीटरवर संपतात. सहा मीटरची व्हॅन सात मीटरच्या गाडीपेक्षा आत ऐसपैस नाही, पण गावं फिरायची तर तीच घ्या. आणखी एक सवय मोडावी लागते. गावात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून का येईना.

चौकोनी चौक असलेल्या मोंपाझिएसारख्या गावांत, किंवा सार्लासारख्या शहरात, बाजाराचा वार बघितल्याशिवाय चौकात झोपू नका. मोंपाझिएला गुरुवार, सार्लाला बुधवार आणि शनिवार. विक्रेते पहाटे पाच-सहाला येतात आणि बाजाराच्या जागेवर उभी असलेली गाडी उचलून नेतात. पाटी लहान असते आणि खांबावर उंच लावलेली असते, तेव्हा गाडी लावल्यावर चौकाला एक फेरी मारावी. 'साल दे फेत' म्हणजे गावच्या समारंभ सभागृहाचं पार्किंग आठवडाभर शांत, शनिवारी रात्री मात्र लग्नाची वरात. चर्चच्या भिंतीला लागून झोपायचं तर घड्याळ दर तासाला वाजणार आणि काही ठिकाणी तोच आकडा पुन्हा वाजणार, हे धरून चला. मालगाड्यांचा रूळ उपग्रह नकाशावर दिसतो, तोही बघून घ्या. मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या पार्क-फॉर-नाइट या ॲपवरची लोकांची मतं वाचताना तारीख आणि महिना बघा. जानेवारीतली 'अतिशय शांत' जागा ऑगस्टमध्ये कॅनोवाल्यांचा तळ असते.

चार-पाच दिवसांनी एक रात्र गावच्या 'काँपिंग म्युनिसिपाल'मध्ये काढणं शहाणपणाचं. कपडे धुता येतात, बॅटरी भरते, मनसोक्त आंघोळ होते, आणि खासगी कॅम्पसाइटपेक्षा पैसे कमी. बरीच ठिकाणं फक्त उन्हाळ्यात उघडी असतात. वीज मात्र मोजून. सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. दोन हजार वॉटची किटली किंवा इंडक्शन लावलं की खटका पडतो, आणि त्याची पेटी कुलपात असेल तर व्यवस्थापक सकाळी येईपर्यंत अंधार. कुकर गॅसवरच लावा, किटली हजार वॉटच्या आतली घ्या. केबल रिळावरून पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली तापते. जुन्या कॅम्पसाइटवर निळ्या गोल सॉकेटऐवजी घरगुती फ्रेंच सॉकेट असतं, त्याचा जोड भाड्याच्या सामानात आहे का ते गाडी ताब्यात घेतानाच तपासा. गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी असेल तर नीट गार होत नाही, म्हणून चाकाखालच्या पाचरीही तेव्हाच मागून घ्या.

भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो वर्षभर चालतो, सोबत मूळ लायसन्स लागतंच. कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवायची, आणि तेवढं वजन चौघं, भरलेली टाकी आणि तांदळाची पोती धरून सहज गाठलं जातं. म्हणून लांब पल्ल्याच्या दिवशी पाणी अर्धी टाकीच भरा. गाडी परत करण्याआधी कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायला शेवटच्या सकाळचा एक तास राखून ठेवा. कंपनीच्या आवारात भरलेली कॅसेट नेली तर अनामत रकमेतून बरेच पैसे कापतात.