फॉर्मवर सहीची जागा एकच

संशोधनाला दीड वर्ष गेलं, त्याचं मला काही नाही. पण एका सहीपायी सव्वा महिना गेला, तो राग अजून उतरलेला नाही.

काम असं: झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांत थोडा कोबाल्ट घालायचा आणि प्रकाश शोषण्यात काय फरक पडतो ते बघायचं. निम्मं कॉम्प्युटरवर, निम्मं लॅबमध्ये. म्हणून गाइडही दोन. आकडेमोडीला फिजिक्सचे सर, पूड करायला केमिस्ट्रीच्या मॅडम.

पूड पटकन जमली. भट्टीतून क्रुसिबल (उष्णता सोसणारी वाटी) काढलं तर आत हिरवीगार, मेहंदीच म्हणा. भांडण झालं ते प्रमाणावरून. मॅडम म्हणाल्या, ५ टक्के कोबाल्ट घाल. सर म्हणाले, ६.२५. कारण कॉम्प्युटरवर स्फटिकाचा नमुना म्हणून घेतलेल्या आमच्या ३२ अणूंच्या खोक्यात झिंकचे अणू १६, त्यातला एक काढून कोबाल्ट बसवला की ६.२५ टक्केच होतात. अर्धा अणू बसवता येत नाही. शेवटी मॅडमनी ऐकलं. पण गणितात साध्या झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला लागणारी ऊर्जा, ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आला (प्रयोगात तो ३.३ च्या आसपास येतो), तेव्हा त्यांनी मला आठवडाभर धारेवर धरलं. साध्या पद्धतीत गॅप कमीच येतो, दुरुस्ती घालावी लागते, हे मलाच उशिरा कळलं होतं. तुम्ही गाइडना आधीच सांगून ठेवा.

आता तो फॉर्म. कण डोळ्यांनी बघायचे तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तो आमच्याकडं नाही, दुसऱ्या गावच्या एका संस्थेत. खानापूरहून पहाटे निघायचं, बेळगावच्या स्टँडवर बस बदलायची, वर जुलैचा पाऊस. पहिल्या खेपेला ‘विभाग’ या रकान्यात मी दोन्ही नावं लिहिली. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, “ओंदे बरीरी, मेडम.” एकच लिहा. मी केमिस्ट्री खोडून टाकलं. मग म्हणाल्या, विभाग फिजिक्स तर सही केमिस्ट्रीची कशी? आणि सहीची ओळ एकच. “नाळे बर्री.” उद्या या म्हणे! माझं उद्या म्हणजे येऊन-जाऊन अख्खा दिवस.

दुसऱ्या खेपेला सरांची सही नेली. तर ‘नमुना कुठे तयार केला’ याच्यापुढं केमिस्ट्रीची लॅब, म्हणून तिथल्या विभागप्रमुखांचा शिक्का पाहिजे. ते पेपर तपासायला परगावी, तीन आठवडे. इकडं मी रोज कुपी उजेडात धरून बघायची, जसं काही पूड नासणारच होती.

तिसऱ्या खेपेला शिक्का होता, पण कुणाचा तरी अजून एक फॉर्म पाहिजे होता. मी तिथंच बाकावर बसले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मायक्रोस्कोप चालवणारे काका चहाला बाहेर आले. “काय ओ, काय आणलंयसा?” कोबाल्ट म्हटल्याबरोबर त्यांनी चहा ठेवला. आतून स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि कुपीला टेकवलं. पूड चुंबकाकडं ओढली जाणारी असली तर आत सुटून लेन्सला जाऊन चिकटते, एवढं महागडं यंत्र बिघडतं. मी श्वास धरून बघत होते. हिरवी पूड जागची हलली नाही. “घ्या की ओ हिचं,” काका काउंटरकडं बघून म्हणाले.

महत्त्वाचा प्रश्न तो एकच होता, आणि चार पानी फॉर्मात त्याला रकानाच नव्हता! कोबाल्ट, लोह, निकेल असलं काही असेल तर घरीच चुंबक लावून बघा आणि अर्जात तसं लिहा. आणि दोन गाइड असतील तर सहीच्या ओळीखाली पट्टीनं दुसरी ओळ ओढून दोघांच्या सह्या घेऊनच जा. विचारत बसू नका, विचारलं की नाहीच म्हणतात.

फोटो दोन दिवसांत आले. कण २० नॅनोमीटरच्या आसपास, एक्स-रे चाचणीच्या आलेखातल्या शिखरांवरून काढलेल्या आकाराला धरून. मॅडम खूश. सरांनी मात्र हिशेब करायला लावला: एवढ्या एका कणात अणू साडेतीन लाखांच्या घरात, आणि आमचं खोकं ३२ चं. दोन्हींची तुलना कुठवर चालते, यावर एक अख्खं प्रकरण लिहिणं चाललंय.

हां, एक राहिलंच. कुपीवरच्या चिठ्ठीवर पेनानं नाव लिहू नका, इथेनॉलचा थेंब पडला की पुसतं. माझं दुसऱ्या खेपेत पुसलं होतं. पेन्सिलीनं लिहा.