सायकली चादरीत, डॉक्टर विमानात

सोलापुरात डोंगर नाही. तरी आमच्या चौघांकडे माउंटन बाईक आहेत. पार्क चौकातला आमचा चहावाला दर रविवारी न चुकता विचारतो, "डोंगर कुठाय बे तुमचा?" आमचा डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट. पंचेचाळीस किलोमीटर जायचं, घाट चढायचा, आईचं कळसदर्शन घ्यायचं आणि उन्हं चढायच्या आत परत. पाच वर्षं तोच घाट चढल्यावर माणसाच्या डोक्यात काहीबाही येऊ लागतं. आमच्या डोक्यात नेपाळ आलं.

हे २०२३ च्या पावसाळ्यातलं. मुक्तिनाथला जीपने जायचं, तिथून काली गंडकीच्या खोऱ्यात सायकलने उतरायचं, एवढं पहिल्याच कपाला ठरलं. आईने तर "मुक्तिनाथ होणार असेल तर खुशाल जा" म्हणून परवानगीही दिली. घोडं अडलं ते सायकली न्यायच्या कशा यावर. विमानाने की गाडीने? या एका प्रश्नावर आम्ही दोन महिने चहा प्यायलो.

आमच्यातले सर गणित शिकवतात. त्यांनी चौकडीच्या वहीत दोन रकाने आखले. विमानाच्या रकान्यात पुणे–दिल्ली–काठमांडू आणि पुढे पोखरापर्यंत बस. पोखऱ्याला नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ त्याच वर्षी १ जानेवारीला सुरू झाला होता, पण आपल्याकडून तिथे थेट विमान नव्हतं. काठमांडूहून छोटी विमानं जातात, पण त्यांच्या पोटात सायकलीचे खोके मावतील की मागच्या फेरीला येतील याचा भरवसा कुणी देईना. खोक्याचंही एक शास्त्र आहे. बहुतेक विमान कंपन्यांची साध्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर असते. सायकलीचं खोकं टेपने मोजलं तर २४५ भरलं. म्हणजे आधी कळवा, जादा पैसे भरा आणि काउंटरवरच्या माणसाचा मूड चांगला असावा म्हणून सिद्धेश्वराला नारळ बोला.

(सोलापूरहून विमान, असं मनात आलं असेल तर सांगतो. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जूनमध्ये पाडली होती. आम्ही निघालो तेव्हा पाच महिने झाले होते, होटगी रोडच्या विमानतळावर विमानाचा अजून पत्ता नव्हता.)

गाडीच्या रकान्यात सरांनी लिहिलं: जाताना साधारण १७५० किलोमीटर, येताना तेवढेच, डिझेल, टोल, चार मुक्काम. खाली कंसात, "कंबर". पैशांचा हिशेब केला तर तिघं-चौघं असताना गाडी स्वस्त पडत होती आणि एकट्याला विमान. दिवसांचा केला तर विमानच.

शेवटी निकाल लावला तो डॉक्टरने. तो दातांचा डॉक्टर. दवाखाना दहा दिवसांच्या वर बंद ठेवला तर पेशंट शेजारच्याकडे जातात, असं त्याचं म्हणणं. त्याची सायकलही आमच्यात सगळ्यात महाग, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन. "माझी सायकल तुमच्या गाडीत खडखडत पाच दिवस येणार नाही," तो म्हणाला. तेव्हा ठरलं की डॉक्टर विमानाने येणार आणि मी, सर आणि अण्णा माझ्या गाडीने.

अण्णाचा पूर्व भागात यंत्रमाग आहे. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, गिऱ्हाइकाशी मिळेल ती भाषा. सायकली बांधायचं काम त्याने अंगावर घेतलं. मी फोम आणायला निघालो तर म्हणाला, "फोम कशाला? चादरी हायत की बे." स्वतःच्या मागावरच्या पाच चादरी घेऊन आला. मागची सीट पाडली, दोन सायकलींची पुढची चाकं काढली, फ्रेमला चादर गुंडाळली आणि दोन्ही एकमेकींत डोकं-पाय करून झोपवल्या. बाईक बांधताना धोका आपटण्याचा कमी आणि घासण्याचा जास्त. हजार किलोमीटर एकाच जागी पट्टा घासला की रंग जातो, मग धातू. त्या दोन्ही सायकलींवर पोखऱ्यापर्यंत एक ओरखडा नव्हता.

तिसरी सायकल माझी. ती मागच्या कॅरियरवर, बाहेर. हा माझा शहाणपणा.

१७ नोव्हेंबरला पहाटे निघालो. घाटात तुळजाभवानीला हात जोडले आणि औसा, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत रात्री नागपूर. हा रस्ता आता इतका चांगला आहे की त्यावर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. यवतमाळच्या अलीकडे मात्र एका नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. कॅरियरवरच्या सायकलीमागे नंबर प्लेट झाकली गेली होती. सरांनी खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर स्केचपेनने नंबर लिहिला आणि सायकलीच्या सीटला बांधला. हवालदाराने त्यांचं अक्षर बघून विचारलं, "मास्तर आहात का?" आणि सोडलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पुढे पेंचचं जंगल लागतं. तिथे हायवेच उचलून घेतलाय आणि खालून वाघ-हरणांना जायला वाट ठेवलीय. आम्ही ते कौतुक करत असतानाच रबर जळल्याचा वास येत होता. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. लखनादौनच्या आसपास चहाला थांबलो आणि मागे गेलो तर माझ्या सायकलीचं मागचं चाक सैल पट्ट्यामुळे खाली सरकून बरोबर सायलेन्सरच्या तोंडाशी आलेलं. टायरच्या कडेला तळहाताएवढा पट्टा वितळून चकचकीत झाला होता, भजी तळताना प्लॅस्टिकचा झारा कढईला चिकटतो ना, तसा. अण्णाने बोटाने दाबून बघितलं आणि काही बोलला नाही. त्याने न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट. मग तिसरी सायकलही आत गेली आणि सर पुढचे हजार किलोमीटर मांडीवर चाक घेऊन बसले.

रीवाला मुक्काम करून १९ तारखेला प्रयागराजवरून गोरखपूर. त्या दिवशी दोन गोष्टी एकदम होत्या. एक छठ, तिकडचा सूर्यपूजेचा सण. संध्याकाळच्या अर्घ्यासाठी डोक्यावर टोपल्या, खांद्यावर ऊस घेतलेली माणसं रस्त्यात पायी चाललेली, गाडी अक्षरशः त्यांच्या पावलाने पुढे सरकायची. दुसरी अहमदाबादची क्रिकेट वर्ल्डकपची फायनल. गावागावात टीव्ही बाहेर काढलेले. आम्ही शहरात शिरलो तेव्हा ऑस्ट्रेलियाचा हेड मारत होता आणि रस्त्यावर चिडीचूप. हॉटेलच्या मॅनेजरने खोलीची चावी देताना डोळे वर केले नाहीत. एरवी आम्ही महाराष्ट्रातून सायकली घेऊन का आलो हे त्याने नक्की विचारलं असतं.

सोनौलीची सीमा म्हणजे एक कमान आणि ट्रकांची रांग. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण गाडीला भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टमचा परवाना, लागतो. आरसी, लायसन्स दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, तितक्या दिवसांचे पैसे भरायचे. दोन दिवस जास्तीचे लिहा. दरड कोसळली की तुमचा हिशेब बसत नाही आणि मुदत संपली की दंड. विम्याचं सोलापुरातूनच करून घ्या. साध्या पॉलिसीत नेपाळ येत नाही, भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. माझ्या एजंटने असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं होतं. आणखी एक, आम्ही गेलो तेव्हा शंभरच्या वरच्या भारतीय नोटा तिकडे चालत नव्हत्या. शंभराच्या गड्ड्या घेऊन आम्ही तिघं लग्नाच्या आहेराला निघाल्यासारखे दिसत होतो. आपल्या शंभराचे त्यांचे १६० होतात, हे बाकी तोंडी हिशेबाला सोपं.

भन्सारच्या साहेबाने गाडीत डोकावून विचारलं, सायकली विकायला आणल्यात का? सरांनी आधीच तिन्ही फ्रेमचे नंबर एका कागदावर लिहून, खाली सही करून ठेवले होते. हा कागद कुठल्याही नियमात नव्हता, पण साहेबाला आवडला. त्याने शिक्काही मारून दिला.

बुटवलच्या पुढे सिद्धबाबाचा घाट. वरून दगड येतात म्हणून बदनाम, तिथे बोगद्याचं काम चालू होतं. तो जीव मुठीत धरून पार केला आणि अंधारात तानसेनला पोचलो. तानसेन म्हणजे पाल्पा जिल्ह्याचं ठिकाण, डोंगराच्या कुशीत चिकटलेलं. ते आमच्या यादीत फक्त "मुक्काम" म्हणून होतं.

सकाळी अण्णा गायब. तासाभराने सापडला तो एका बोळात, बंद दाराला कान लावून. आतून माग चालू होता. "हातमाग आहे," म्हणाला, "पण पायडलचा आवाज आमच्यापेक्षा हलका." तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, नुकताच होऊन गेला होता, दारावर झेंडूच्या सुकलेल्या माळा. दार उघडणाऱ्या बाईंना त्याने सोलापुरी हिंदीत सांगितलं, "बहेनजी, हमारा भी मागच है." त्यांना कळलं की नाही माहीत नाही, पण आत घेतलं. पाल्पाचं ढाका कापड टोप्यांना लागतं. लाल, काळे, केशरी त्रिकोण आणि पायऱ्या. मागावर वीतभर कापड झालेलं होतं. अण्णाने अंगठा आणि तर्जनीत ते धरलं, उलटं केलं, मागच्या बाजूचे सुटे धागे बघितले. नक्षीचा प्रत्येक रंग त्या बोटांनी आत घालत होत्या, एका ओळीत सात-आठ छोट्या कांड्या. मग अण्णा गाडीकडे पळत गेला आणि सायकलीवरची एक चादर सोडून घेऊन आला. बाईंनीही ती तशीच अंगठा-तर्जनीत धरली, उलटी केली. दोघं अर्धा तास बोलत होते, एकाला तेलुगू-मराठी-हिंदी, दुसरीला नेपाळी. मला त्यातलं काही कळलं नाही. निघताना चादर तिथेच राहिली आणि अण्णाच्या डोक्यावर ढाका टोपी होती. ती त्याने सोलापूरपर्यंत काढली नाही.

पोखऱ्यात संध्याकाळी डॉक्टर भेटला. तो आमच्यानंतर दोन दिवसांनी सोलापुरातून निघून आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी पोचला होता. एवढं सांगताना तो हसत होता, खोकं उघडल्यावर हसू गेलं. खोक्याचा एक कोपरा आत बसलेला आणि मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे तो अडकवायचा तुकडा, वाकलेला. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक. हायड्रॉलिक ब्रेकचं चाक काढलं की दोन पॅडच्या मध्ये काहीतरी अडकवून ठेवावं लागतं. नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना मिठी मारतात आणि डिस्क आत जात नाही. त्याने पुठ्ठा अडकवला होता, तो कुठेतरी पडला. दुसरा अख्खा दिवस एका मेकॅनिक पोराकडे गेला. पोराने पॅड चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू मागे ढकलले आणि हँगर नजरेच्या अंदाजाने सरळ केला. डॉक्टर शेजारी उभा राहून बघत होता. दात काढताना पेशंटचे नातेवाईक कसे बघत असतील ते त्याला त्या दिवशी कळलं असावं.

मेकॅनिकने माझ्या वितळलेल्या टायरकडेही बघितलं आणि न विचारता नवा टायर पुढे केला.

आणि मग गंमत. गाडी पोखऱ्यात ठेवून आम्ही वर जायला जीप ठरवली. आम्ही चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, पैसे भरून, खोक्यात घालून आणलेल्या चार सायकली जीपवाल्या दाइने (दाइ म्हणजे नेपाळीत दादा) एकेक करून टपावर फेकल्या, वर एक जुना टायर टाकला आणि सुतळीसारख्या दोराने आवळल्या. डॉक्टरने तोंड फिरवलं. बेनीपासून जोमसोमपर्यंतच्या त्या रस्त्यावर दिवसभर टप आपटत होतं. उतरवल्या तेव्हा चारही धडधाकट.

मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर. साडेचारशे मीटरवर राहणाऱ्या सोलापूरकराला तिथे देवळाच्या पायऱ्याही टप्प्याटप्प्याने चढाव्या लागतात. १०८ धारांखालून सरांनी पळत आंघोळ केली आणि मोजल्या, बरोबर भरल्या. तिथून कागबेनीपर्यंतचा उतार मी शब्दांत आणू शकत नाही. मातीचा रंग आपल्या विटांचा, झाड नाही, समोर धवलगिरी, आणि बोटं ब्रेकवर गोठलेली. कागबेनीला पोचायला अकरा वाजले आणि काली गंडकीचा वारा सुटला. इथे तो रोज दुपारी दक्षिणेकडून वर येतो हे आम्ही वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. जोमसोमकडे जायला उतार असूनही पायडल मारल्याशिवाय सायकल हलेना. अण्णाची टोपी हनुवटीखाली दोरीने बांधलेली.

परतीला डॉक्टरने खोकं मेकॅनिक पोराला दिलं, सायकल आमच्या गाडीत टाकली आणि रिकाम्या हाताने विमानात बसला. आता चार सायकली आणि तीन माणसं. येतानाचे तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. जाताना १७५० किलोमीटर म्हणजे सहल, येताना तेच १७५० म्हणजे नोकरी. सरांच्या रकान्यात हा फरक कुठेच नव्हता. कुणी आता विचारलं तर मी सांगतो: एकटे असाल, सुट्टी कमी असेल, तर विमानाने जा आणि सायकल तिथेच भाड्याने घ्या, पोखऱ्यात मिळते. तिघं असाल आणि त्यातला एक अण्णा असेल तर गाडी.

सोलापुरात पोचलो तेव्हा पहाट होती. आईने मुक्तिनाथचा प्रसाद देवापुढे ठेवला आणि उरलेल्या चार चादरी भिजत घातल्या. तीन स्वच्छ निघाल्या. चौथीवर चेनच्या ग्रीसचा काळा पट्टा तसाच आहे. तीन वेळा धुतल्यावर तिने ती घडी घालून सायकलीच्या सीटवर टाकली आणि म्हणाली, "ही आता हिचीच."