तुम्ही विचारलंत म्हणून: गाठीचं रक्त का तोडत नाही?

"गाठ रक्तावर जगते ना? मग रक्तच तोडा की. इतकी वर्षं करताय काय?"

कर्करोगाच्या गाठींतल्या रक्तवाहिन्या हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, हे कळलं की चौथं वाक्य हे असतं. आजवर हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर दर वेळी रागच यायचा.

तोडून पाहिलंय हो. अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली नेमकी हीच कल्पना मांडली. व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मंजूर झालं. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात, केमोथेरपीच्या जोडीनं, त्यानं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्यापलीकडे जगतात तो काळ) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर नेलं. हे थोडं नाही. पण तुम्ही विचारता ते हेही नाही.

गाठ गुदमरली की गप्प बसत नाही, अडचण तिथे आहे. पेशीत एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि प्राणवायू पुरेसा असला तर काही मिनिटांत मोडलंही जातं. त्याला मोडीत काढायची खूण करणाऱ्या एन्झाइमला प्राणवायूच लागतो. तो कमी पडला की खूण होत नाही, प्रथिन साठतं आणि व्हीईजीएफचं जनुक जोरात चालू होतं. म्हणजे रक्त तोडणं हाच नव्या वाहिन्या मागवण्याचा निरोप ठरू शकतो.

हे सगळं मला पाठ होतं, तेव्हाच ताईला हे औषध सुरू झालं. तिनं विचारलं, "आता उपाशी मरेल ना गं ती?" मी म्हटलं, "हो."

पहिला स्कॅन आला. ताईनं फिल्म खिडकीशी धरली आणि बोट ठेवून म्हणाली, "बघ, मधे काळी पडलीय." पडली होती. मधे मेलेल्या पेशी असणार आणि त्यांच्या कडेनं गुदमरलेल्या पण जिवंत, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "छान आहे." मग तिनं कपाटातून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या काढून दाखवल्या. "तूच म्हणाली होतीस ना?"

म्हणाले होते. प्राणवायू घटला की मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांतून, क्रियाशील ऑक्सिजन रेणू उलट वाढतात, असे पुरावे आहेत. ते एचआयएफला टिकवतात. वाहिनीच्या अस्तरातल्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड हा त्यांतलाच एक रेणू संदेश थांबवणारी काही फॉस्फटेज एन्झाइमं तात्पुरती बंद पाडतो, त्यामुळे व्हीईजीएफचा संदेश लांबतो. मग अँटिऑक्सिडंटनं हे रेणू शमवले की झालं, असं मला वाटलं. पण १९९४ साली फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाला होता. कर्करोगाच्या पेशीलाही या रेणूंपासून संरक्षण लागतं. "बंद कर त्या," मी ताईवर ओरडले. तिला कारण कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सात महिन्यांनी गाठी वाढल्या. त्या गोळ्यांमुळे वाढल्या असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलंय.

आता आमच्यातले काही जण वाहिन्या तोडण्याऐवजी सुधारायच्या मागे आहेत. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. त्या थोड्या सावरल्या की प्राणवायू आत जातो, औषधही जातं, किरणोपचार जास्त लागू पडतात. पण हा सावरलेपणा बऱ्याचदा थोडेच दिवस टिकतो. पूर्वीची मी याला माघार म्हटलं असतं. मला तसं वाटत नाही, पण त्या पूर्वीच्या मला पटवता येईल अशी खात्रीही नाही.

त्या स्कॅनच्या रात्री ताई कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. तेव्हा खरं सांगायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.