बाईंच्या जुन्या स्लाइड्स

बाईंनी हातात एक सीडी दिली. "अगं, यातलं पक्ष्यांवरचं व्याख्यान पुन्हा द्यायचंय. तेवढं उघडून दे." त्याला चार संध्याकाळी लागल्या.

सीडीवर तीन पीपीटी फाइली होत्या. दोन माझ्या नव्या पॉवरपॉइंटमध्ये लगेच उघडल्या, वर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ (म्हणजे फाइल जुन्या रचनेची आहे) असं दिसलं इतकंच. तिसरी उघडेना. ती पॉवरपॉइंट ९७ च्या आधीची आहे, असा संदेश यायचा. नावाच्या शेवटी पीपीटी असलं तरी आतली रचना एकच असते असं नाही. ९७ ते २००३ या आवृत्त्यांची एक, त्याआधीच्यांची निराळी, आणि २००७ पासून पीपीटीएक्स. तिसरी फाइल तूर्त बाजूला ठेवली.

उघडलेल्या दोन्हींत चित्रं जागेवर होती, पण मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं. ‘रिप्लेस फॉन्ट्स’मध्ये जाऊन मंगल हा देवनागरी फॉन्ट निवडला, काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. जुना फॉन्ट युनिकोड नव्हता, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला नव्हता. फाइलमध्ये साठवलेली अक्षरं रोमनच होती, तो फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देत होता. बाईंकडे स्लाइड्सची छापील प्रत होती. त्या एकेक ओळ वाचत गेल्या, मी युनिकोडमध्ये टाइप करत गेले. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, पण वाचता वाचता बाईंनी तीन ठिकाणी स्वतःचीच माहिती दुरुस्त केली. नुसता फॉन्ट बदलून भागलं असतं तर हे झालं नसतं.

मग आवाज. स्लाइडवर स्पीकरचं चिन्ह होतं, पण त्यावर क्लिक केलं तरी दयाळ पक्षी गाईना. त्या काळच्या आवृत्त्यांत सेटिंग बदललं नसेल, तर १०० केबीहून मोठी वेव्ह फाइल (आवाजाची फाइल) प्रेझेंटेशनच्या आत साठत नसे, फक्त तिचा पत्ता साठे. तो पत्ता बाईंच्या जुन्या संगणकाचा होता आणि तो संगणक कधीच गेला. सीडीवर एका फोल्डरमध्ये मूळ वेव्ह फाइली सापडल्या, तेव्हा मी अक्षरशः सुटकेचा श्वास सोडला. त्या बाईंनी स्वतः पहाटे उठून टिपलेल्या होत्या, दुसरीकडे कुठे मिळाल्या नसत्या. जुनं प्रेझेंटेशन हलवताना एकटी पीपीटी उचलू नका, अख्खा फोल्डर उचला.

सगळं पीपीटीएक्समध्ये जुळवलं आणि सभागृहातला संगणक पाहायला गेले. तिथे पॉवरपॉइंट २००३. त्याला पीपीटीएक्स वाचता यावी म्हणून पूर्वी ‘कंपॅटिबिलिटी पॅक’ मिळायचा, २०१८ मध्ये तो बंद झाला. म्हणून घरी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून ‘९७-२००३ प्रेझेंटेशन’ निवडलं. त्याआधी स्लाइडचा आकार १६:९ वरून ४:३ केला, ‘एन्शुअर फिट’ निवडून, म्हणजे कडेचं काही कापलं जाऊ नये. मी स्मार्टआर्ट या पॉवरपॉइंटमधल्या सोयीने काढलेली आकृती जुन्या रचनेत जाताना चित्र होते, मग तिच्यातला शब्द बदलता येत नाही. त्यामुळे शुद्धलेखन आधी तपासलं आणि पीपीटीएक्सची प्रत जपून ठेवली.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सीडीही नेली. २००३ ला पॉवरपॉइंट ९५ च्या फाइली उघडता येतात, हे तोवर वाचलं होतं. तिसरी फाइल तिथे उघडली! लगेच ‘सेव्ह अ‍ॅज’ करून तिची नवी प्रत घेतली. आवाजही त्याच संगणकावर, वेव्ह फाइली पीपीटीच्या शेजारी एकाच फोल्डरमध्ये ठेवून, नव्याने घातले. जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे प्रत्येक स्लाइडवर पाहिलं.

शेवटी बाईंना पहिल्या रांगेत बसवलं आणि सातव्या स्लाइडवरच्या स्पीकरवर क्लिक केलं. दयाळ गायला. "परत लाव," बाई म्हणाल्या.